मोहफुलांच्या काट्यावरची कबड्डी

सर म्हणजे देवमाणूस होते असं काही लिहायला मी बसलेले नाही, हे आधीच सांगून टाकते. माझा त्यांच्यावर राग आहे. पंधराव्या वर्षी धरलेला राग आज चाळिशीला टेकले तरी जागच्या जागी आहे. आणि गेला महिनाभर तर तो रोज नव्यानं उकळतो आहे, कारण माझी पोरगी आता पंधरा वर्षांची आहे, कबड्डी खेळते, आणि चंद्रपूरच्या एका क्लबाला ती पाहिजे आहे.

तिचे पप्पा म्हणतात खेळू दे. दहावीला खेळाचे मार्क मिळतात, पुढं नोकरीत खेळाडूंचा कोटा असतो, आणि पोरगी मोबाइलपासून दूर राहते. सगळं खरं आहे. मग मी म्हणते की क्लबात गेली तर पोरीचं काय होते ते तुम्हाला काय माहीत, मी खेळलेली आहे. तर हा माणूस शांतपणे म्हणतो, "तू खेळली म्हणूनच तर ती खेळून राह्यली ना. आता तुलेच काऊन नोको?" या प्रश्नावर मी दोनदा ताट सोडून उठले आहे. कारण उत्तर द्यायचं तर सरांपासून सुरुवात करावी लागते.

आमचं गाव धानोऱ्याच्या पुढं, जंगलाला लागून. सर आमच्या गावात ढोरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. डॉक्टर महिन्यातून एकदा उगवायचा, म्हणून गाव कंपाउंडरलाच डॉक्टर म्हणे, आणि आम्ही पोरी त्यांना सर म्हणायचो. अंगानं किडकिडीत, आयुष्यात कधी कबड्डी खेळलेले नाहीत. नियम सगळे एका फाटक्या पुस्तकातून पाठ केलेले. अशा माणसानं पोरींचा संघ काढला, तोही कसा? दवाखान्यात कोणी वासरू सुई टोचायला आणलं की ते धरायला सर मोठ्या माणसांना मागं सारायचे आणि सोबत आलेल्या पोरीला पुढं बोलवायचे. सुई टोचेपर्यंत जिनं पाय सोडला नाही, ती संघात. बाकी चाचणी काही नाही. माझ्या वेळी गोऱ्ह्यानं मला शेणातून फरफटत नेलं होतं. मी उठले तेव्हा त्याचा पाय माझ्या हातातच होता.

"हे पोट्टी सोडत नाई," सर माझ्या मायला म्हणाले. "सांजच्याले पाठवजा मैदानावर."

माय भडकली. "डॉक्टर, माही पोट्टी का बैल हाय का पारखून घ्याले?"

"बैल असती तं इकत घेतली असती, बाई. म्हून तं इचारून राह्यलो."

असं बोलणं. त्यांना माणसांशी बोलायची दुसरी रीतच ठाऊक नव्हती. खेळाडूचे आधी गुडघे पाहायचे, मग दात, मग डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढून आत लाल आहे की पांढरं ते पाहायचे. लाल असेल तर मैदानात. पांढरं असेल तर खिशातून गूळ-फुटाण्याची पुडी काढून हातावर ठेवायचे आणि घरी हाकलायचे. घोटा सुजला की ढोरांचा मलम. त्या मलमाचा वास तीन दिवस जायचा नाही आणि शाळेत आमच्या बाकावर कोणी बसायचं नाही. नावंही त्यांनी गाईगुरांचीच ठेवली होती. कोणी ढवळी, कोणी कबरी. मला तांबडी म्हणत. मी काळीसावळी, पण माझ्या नाकावरचा राग त्यांना पहिल्या दिवशीच दिसला होता.

शिट्टी त्यांनी कधी तोंडाला लावली नाही. मार्कंड्याच्या जत्रेतून आणलेली बैलाच्या गळ्यातली पितळी घंटा हलवायचे. मी एकदा विचारलं, सर शिट्टी काऊन नाई? तर म्हणाले, "शिट्टीनं जनावर बुजते." आम्ही हसून हसून लोळलो. पण आजही कुठं बैलाची घंटा वाजली की माझी पावलं आपोआप रेषेवर येतात. चंद्रपूरच्या भर बाजारात एकदा असं झालं तेव्हा मी स्वतःवरच चिडले होते.

आता मैदानाचं सांगते. मैदान गावातल्या सावकाराचं होतं. सावकार म्हणजे आमच्याकडे जंगलातला माल घेणारा व्यापारी. बाया पहाटे उठून मोहफुलं वेचायच्या, वाळवायच्या, आणि त्याच्या गोदामावर नेऊन काट्यावर घालायच्या. गोदामापुढचं अंगण त्यानं आम्हाला खेळायला दिलं होतं, जर्सी दिल्या होत्या, आणि जर्सीच्या पाठीवर आमच्या नावाऐवजी त्याचं नाव होतं. संघाचा अध्यक्ष तोच. मॅच जिंकलो की फोटोत मधोमध तोच. मला तेव्हा ते चुकीचं वाटत नसे. नवीन जर्सीच्या वासानं माणूस पाघळतो, पंधराव्या वर्षी तर फारच.

कबड्डीत आमच्या गटाला वजनाची मर्यादा होती, पंचावन्न किलो. म्हणून दर शनिवारी सर आम्हाला सावकाराच्या त्याच मोहफुलांच्या काट्यावर उभं करायचे आणि वजनं गोदामाच्या भिंतीवर खडूनं लिहायचे. पण काट्याकडे पाहण्याआधी ते आमच्याकडे पाहायचे. जन्मभर ढोरं पाहिलेला माणूस, छातीचा घेर नजरेनं मापून किलो सांगायचा. "तांबडी, छप्पन्न." मग काटा दाखवायचा चोपन्न. दर वेळी असंच. ढवळीला ते सत्तावन्न म्हणायचे, काटा म्हणायचा पंचावन्न. आम्ही टाळ्या पिटायचो, "सर हारले, सर हारले!" सर स्वतःच्या गालावर हलकी चापट मारून म्हणायचे, "डोळा बुढा झाला माहा." आणि भिंतीवर काट्याचं लिहायचे.

इथं माझी पहिली तक्रार आहे. अहो, तुमचा डोळा गायीच्या पोटातलं वासरू सांगायचा. मेलेल्या बैलाचं वय सांगायचा. मग दहा पोरींच्या बाबतीत एकाच वेळी, एकाच मापानं चुकतो कसा, हा प्रश्न पडला नाही तुम्हाला? पडला असणार. पण काटा लोखंडाचा होता, त्यावर शिक्का होता, आणि तो अध्यक्षाचा होता. साध्या माणसाची हीच खोड. स्वतःच्या डोळ्याला खोटं पाडेल, पण शिक्क्याला नाही.

त्या साली मोहफुलांच्या हंगामात गडचिरोलीला जिल्ह्याच्या स्पर्धा होत्या. तिथूनच राज्याच्या संघासाठी पोरी निवडणार होते. माझी निवड होणार हे सगळे म्हणत होते, आणि मीही म्हणत होते. मोठ्यानं म्हणत होते. राज्यावर खेळलं की शिकायला बाहेर जायला मिळेल, वसतिगृह मिळेल, नोकरी मिळेल, असं सगळं मी मनात मांडून ठेवलं होतं. पहाटे मायसोबत मोह वेचायचा आणि संध्याकाळी खेळायचं, असा महिना काढला मी.

गडचिरोलीला सकाळी वजनं झाली. मी काट्यावर उभी राहिले. छप्पन्न.

मी उतरले, चपला नव्हत्याच, पुन्हा चढले. छप्पन्न. ढवळी सत्तावन्न. कबरी साडेपंचावन्न. दहांपैकी पाच जणी जास्त भरल्या. उरलेल्या पाच पोरींचा संघ होत नाही. सर तिथं टेबलाजवळ उभे होते. त्यांचा चेहरा मी पाहिला तो असा की त्यांना काही आठवतं आहे. मग ते हळूच स्वतः काट्यावर चढले, आकडा पाहिला, उतरले, आणि डोळे मिटून घेतले.

दोन तासांनी पुन्हा वजन करायची मुभा होती. मैदानावर बाकीच्या संघांचं काय चाललं होतं ते सांगते. चैताचं ऊन, आणि पोरी स्वेटर घालून पळत होत्या. एकीच्या अंगावर तर घोंगडी गुंडाळली होती. तेवढंच वजन उतरावं म्हणून काही जणी बाटलीत थुंकत बसल्या होत्या. एका बाईनं आपल्या खेळाडूची वेणी कापली, आणि ती पोरगी रडत नव्हती, हसत होती. मी सरांकडे धावले.

"सर, कैची आना. वेनी कापा माही. अन् मी पळतो दोन घंटे. एक किलो तं हाय!"

 सरांनी माझी पापणी अंगठ्यानं खाली ओढली, पाहिली, सोडली. मग पिशवीतून घंटा काढून वाजवली. सगळ्या जमल्या.

"चला. जेवाले चला."

आम्हाला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"दवाखान्यात एखादं ढोर दोन घंट्यात किलोभर घटलं तं मी त्याले आजारी लिहितो," सर म्हणाले. "मी तुमाले आजारी पाडाले नाई आनलं इथी."

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. कंपाउंडर हाय तुमी, कंपाउंडरच राहान, असं बोलले. तुमच्या पोटची असती तं काऊन केलं असतं असं, हेही बोलले. त्यांना मूलबाळ नव्हतं आणि ते मला ठाऊक होतं. त्यांनी ऐकून घेतलं. मैदानाच्या फाटकाबाहेरच्या ठेल्यावर दहा प्लेटा तर्री-पोहे सांगितले, वर आलुबोंडे. बाकीच्या मुकाट्यानं खायला लागल्या. मी प्लेट ढकलली. सरांनी ती परत पुढं सरकवली.

"राग कर माह्यावर. खूब कर. पन जेवून कर. उपाशी पोटी राग टिकत नाई."

मी खाल्लं. भूक लागली होती, काय करणार. रडत रडत तीन प्लेटा खाल्ल्या.

आतून शिट्ट्यांचे आवाज येत होते. घोंगडीवाली पोरगी त्या वर्षी राज्याच्या संघात गेली. आज ती पोलिसात आहे. चंद्रपूरच्या चौकात कधी कधी ड्यूटीवर दिसते, तब्येतीनं धडधाकट, गॉगल लावून, मला पाहून हात करते. तिला काही झालं नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण सरांना संत करायची मला हौस नाही. ती पळाली, तिला मिळालं. मी पोहे खाल्ले.

त्यांनी एवढंच केलं असतं तर कदाचित एखाद्या वर्षात माझा राग गेलाही असता. पण दुपारी गाडीतून उतरल्यावर ते आम्हाला घरी जाऊ देईनात. जर्सीतच सरळ गोदामावर नेलं. वाळला मोह घेऊन बायांची रांग लागली होती. त्यात माझी मायही होती. सरांनी रांग थांबवली आणि घंटा वाजवली.

"तांबडी, चढ काट्यावर."

मी चढले. तीन प्लेटा पोहे पोटात. काटा म्हणाला चोपन्न.

"ढवळी, चढ."

पंचावन्न.

"गडचिरोलीच्या काट्यावर हे छप्पन्न होती, हे सत्तावन्न," सर बायांकडे वळून म्हणाले.  "त्याच्यावर पोट भरून जेवल्या. खाऊन आलेल्या पोट्ट्या दोन किलोनं घटल्या कशा, सांगा बरं?"

 एका म्हातारीनं आपल्या टोपलीकडे पाहिलं. मग दुसरीनं. मायनं माझ्याकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडून जी शिवी निघाली ती मी त्याआधी कधी तिच्या तोंडी ऐकली नव्हती. किती वर्षांची पहाट, किती वाकणं, किती अस्वलांची भीती त्या काट्यानं गिळली होती! आमच्या आयांना ओरबाडणारा काटा आमच्यावर तेवढी मेहरबानी करत होता. सावकार बाहेर आला, सगळ्यांकडे पाहून हसला आणि म्हणाला, "काटा जुना झाला, डॉक्टर. सुधरवून घेऊ. तुमी खेळाकडे ध्यान द्या."

"माहा डोळा बरोबर होता," सर म्हणाले. हे ते सावकाराला म्हणाले नाहीत, आम्हाला म्हणाले. "पोट्ट्यांनो, माहा डोळा बरोबर होता, अन् मीच त्याले बुढा म्हनलो. चूक माही हाय."

दुसऱ्या दिवशी अंगणाला काटेरी तार लागली. सावकारानं जर्सी परत मागवल्या. धुऊन द्या म्हणाला, वर तेही! संघ त्या दिवशी संपला. महिन्याभरात सरांची बदली झाली, पार सिरोंच्याकडे. आणि माझा संताप कशानं झाला असेल तर आठ दिवसांनी मायला त्याच रांगेत उभी पाहून. मी तिला भर रस्त्यात विचारलं, लाज नाई वाटत? माय म्हणाली, "दुसरा काटा कुठी हाय?" तिनं टोपली सावरली आणि पुढं सरकली.

म्हणजे काय मिळालं, सांगा? काटा तसाच राहिला. सावकार तसाच राहिला. गेली फक्त कबड्डी. तुम्हाला खरं बोलायची खाज होती तर निवड झाल्यावर बोलायचं होतं ना! एक दिवस, फक्त एक दिवस थांबायचं होतं. मला पळू द्यायचं होतं.

बऱ्याच वर्षांनी गडचिरोलीच्या बसस्टँडवर सर दिसले. मला नुकतीच अंगणवाडीत नोकरी लागली होती. ते फार वाळले होते, पिशवी छातीशी धरून बाकावर बसले होते. त्यांनी मला लगेच ओळखलं. गुडघ्यांवरून ओळखलं असणार. तिथूनच ओरडले, "तांबडे! जेवली का?"

मी तोंड फिरवलं आणि समोर लागलेल्या बसमध्ये चढले. ती बस माझ्या गावाची नव्हती. पुढच्या थांब्यावर उतरून मला चालत परत यावं लागलं. ते वारल्याचं नंतर कोणाकडून तरी कळलं. त्या पिशवीत घंटा होती की नाही, हे मी पाहिलंच नाही.

आता माझी पोरगी. क्लबाचे सर तरुण आहेत, ट्रॅकसूट घालतात, मोबाइलवर सूचना पाठवतात. गेल्या आठवड्यात सूचना आली: शनिवारी निवड, वजन पंचावन्नच्या आत पाहिजे, संध्याकाळनंतर जेवण बंद. पोरगी भरत होती सत्तावन्न. चार दिवस तिनं भाकरीला हात लावला नाही. रेनकोट घालून गच्चीवर पळाली. मी भांडी आपटली, कुकर आपटला. तिचे पप्पा म्हणाले, "दोन किलोचा तं सवाल हाय." मी अंगणवाडीत दर महिन्याला लेकरांची वजनं घेते. आधी स्वतः काट्यावर चढते, मग एकेक लेकरू चढवते. दोन किलो म्हणजे काय ते मला सांगू नका.

तरी मी तिला नेलं. क्लबाच्या संमतीपत्रावर सही मीच केली होती. खोटं कशाला बोलू, तिची जर्सी पाहून मी पंधराव्या वर्षासारखीच पाघळले. पिशवीत डबा होता, तो निवड झाल्यावर खायला म्हणून.

काटा म्हणाला पंचावन्न किलो चारशे ग्रॅम.

"अजून घंटाभर आहे, ताई," क्लबाचे सर म्हणाले. "रेनकोट आहे ना? पळवा तिला. होते."

पोरगी रेनकोटची चेन लावायला लागली. "मम्मी, चारशे ग्रॅमच तर आहे ना. वेणी काप ना, मम्मी."

आणि मला वाटलं, पळ. हे लिहिताना मला माझीच चीड येते, पण वाटलं. पळ गं, तू तरी पळ. माझे पाय तिच्यासोबत धावायला निघाले होते. मी कैची मागायला वळलेसुद्धा. मग परत फिरले, तिची हनुवटी धरली आणि अंगठ्यानं तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढली.

पांढरी फटक होती.

"चल," मी म्हणाले. "जेव."

तिला आधी समजलं नाही. समजलं तेव्हा ती किंचाळली. मैदानावरच्या सगळ्या माना वळल्या. मी तिचा दंड धरला आणि सोडला नाही, फाटकाबाहेर नेऊन कट्ट्यावर बसवलं. ती म्हणाली, तुला नाही मिळालं म्हणून मलाही मिळू देत नाहीस. ती म्हणाली, तू जळतेस. मी डबा उघडला. भात होता, वरण होतं, वांग्याची भाजी होती. तिनं डबा ढकलला. मी परत पुढं सरकवला.

तिनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला चांगली ओळखीची आहे. बसस्टँडवर सर दिसताच मी तीच नजर टाकली होती, आणि तरी त्या माणसानं मला जेवली का म्हणून विचारलं होतं.

"राग कर माह्यावर," मी म्हणाले. "पन जेवून कर."

आतून शिट्टी वाजली. पोरीनं रडत रडत पहिला घास घेतला, मग दुसरा. वरण हनुवटीवर ओघळलं ते तिनं जर्सीच्या बाहीला पुसलं. भात संपला, भाजी संपली. झाकणाला लागलेलं वरणही तिनं बोटानं निपटून घेतलं, आणि एकदाही माझ्याकडे न पाहता रिकामा डबा माझ्या मांडीवर आपटला.

टिकेल हा राग. पोटभर जेवली होती.